दोन बुलेट ३५० च्या टॉपवरून घरी केलेलं ६० अंशी व्ही-ट्विन: बॅलन्स, इंजेक्शन, टाकी

दोन_नळ्या

मंडळी, नमस्कार. यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसमधल्या) बुलेट ३५० ची दोन हेड आणि दोन बोअर (७० × ९० मिमी) घेऊन ६० अंशांचं व्ही-ट्विन करतोय, एकूण ६९२ सीसी. क्रँककेसचं लाकडी पॅटर्न स्वतः केलं, ओतकाम एलएम २५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूत कोल्हापुरात झालंय, मशीनिंग बाकी आहे. क्रँक प्रेसचा (तुकडे दाबून जोडलेला), एकाच क्रँकपिनवर दोन रॉड शेजारी शेजारी. प्रायमरी चेनच ठेवतोय. फ्रेम डबल क्रेडल, घरीच वाकवलेली.

अडलंय ते इथे:

१. वर-खाली होणाऱ्या वजनाच्या किती टक्के बॅलन्स क्रँकवर धरायचा? हार्लेवाले ६० म्हणतात, कुणी ५० म्हणतं.
२. इंधनासाठी स्पीडुइनो (स्वतः जुळवायचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक) वापरून इंजेक्शन करायचंय. इंजेक्टर किती सीसीचा, पंप कुठला, टाकीला काय काय करावं लागेल?
३. ठोके सारख्या अंतराने पडणार नाहीत, मग टायमिंगचं चाक आणि सेन्सर कसा बसवायचा?

मस्केट नावाचं इंजिन अनिकेत वर्धन यांनी अमेरिकेत अशाच दोन बुलेट टॉपवरून केलं, ते फोटोत पाहिलंय. पण फोटोवरून टॉलरन्स कळत नाहीत. ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी आकड्यांसकट सांगावं.

जुना_खरादी

बॅलन्सवर येण्याआधी केस. मशीनिंग बाकी आहे हे बरं, कारण टी६ (तापवून कडक करणं) आधी करून घ्यायचं: ५३५ ते ५४० अंशांना ८ तास, ७०-८० अंशांच्या पाण्यात बुडवणे, मग १६० अंशांना १० तास. बोअर मारून झाल्यावर भट्टीत घातलं तर बेअरिंगची घरं लंबगोल होतात आणि सगळी मेहनत भंगारात जाते.

रफ मशीनिंग झालं की गळती तपासा. बाहेरून खडूचं पाणी फासून वाळवा, आतून रॉकेल भरा आणि रात्रभर ठेवा. जिथे ओतताना वायूची भोकं राहिली असतील तिथे सकाळी खडूवर ओला डाग दिसतो. बोल्टच्या बॉसपाशी आणि जाड-पातळ भिंत जिथे मिळते तिथे हमखास सापडतो. लहान डाग आर्गन वेल्डने भरता येतो. बेअरिंगच्या घरात डाग असेल तर केस पुन्हा ओता. तिथे वेल्ड मारून भागत नाही, वेल्डच्या आजूबाजूचं टी६ उतरतं.

बेअरिंगची घरं दोन अर्धी वेगवेगळी धरून मारू नका. दोन डॉवेल घालून, सगळे बोल्ट टॉर्कने आवळून, एकाच सेटिंगमध्ये आरपार बोअर करा. दोन घरांची मध्यरेषा ०.०२ मिमीच्या आत हवी. टाईट किती ठेवायचं याचा हिशोब सोपा आहे. ६३०६ किंवा एनजे ३०६ चा बाहेरचा व्यास ७२ मिमी. केस २५ वरून १०० अंशांवर गेली की ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा ०.०५४ मिमी जास्त फुगतं. म्हणजे थंडीत ०.०२ टाईट बसवलेलं बेअरिंग गरम इंजिनात मोकळं फिरणार आणि घर खाणार. ०.०५ ते ०.०६ टाईट ठेवा, बेअरिंग सी३ (आत जास्त मोकळीक असलेलं) घ्या, बसवताना केस १२० अंशांपर्यंत तापवा. घर ०.१५ मिमीने उघडतं, बेअरिंग हाताने आत पडतं. हातोडी लागली तर मोजमाप चुकलंय असं समजा.

क्रँकपिन: ईएन ३६ किंवा ईएन ३५३ पोलाद, केस हार्डन, कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी. दोन रॉडांमुळे पिन लांब होते आणि वाक वाढतो, म्हणून एका सिलिंडरच्या पिनेचा व्यास तसाच ठेवू नका, जाड करा. ३२ मिमीच्या आसपासच्या पिनेला चाकात ०.०७ ते ०.०८ मिमी टाईट. रॉडांना बाजूला मिळून ०.३ ते ०.५ मिमी मोकळीक. प्रेस मारल्यावर सेंटरवर धरून दोन्ही मेन जर्नलला डायल लावा. ०.०३ च्या आत आलं पाहिजे, तांब्याच्या हातोडीने आणा. पिन सरकू नये म्हणून काही जण कडेला टॅक वेल्ड मारतात. कार्बन चढवून कडक केलेल्या पिनेवर तो प्रकार करायचा नाही, वेल्डच्या कडेने चीर जाते.

आता बॅलन्स. टक्के फ्रेमवर ठरतात, पण मूळ गणित व्हीच्या कोनावर आहे. एका क्रँकपिनवरच्या दोन सिलिंडरांना, दोन्हींच्या वर-खाली होणाऱ्या एकूण वजनाच्या ५० टक्के बॅलन्स दिला की उरणारा प्राथमिक धक्का म्हणजे एका सिलिंडरचं वजन गुणिले व्हीच्या कोनाचा कोसाइन. ९० अंशांना तो शून्य, म्हणून डुकाटीवाले तिथे गेले. ४५ ला ०.७०७. तुमच्या ६० ला ०.५. आणि एकटी बुलेट ३५० पन्नास टक्क्यांवर बॅलन्स केली तरी ०.५ च उरतं. म्हणजे दुप्पट सीसी, पण धक्का एका बुलेटचाच. ६० अंशांची निवड उत्तम आहे.

हार्लेचे ६० टक्के ४५ अंशांसाठी आहेत, ते उचलू नका. ६० अंशांना ५५ टक्के दिले तर व्हीच्या मध्यरेषेत ०.४ उरतो आणि आडवा ०.६. क्रेडल फ्रेम आणि माणसाचं बूड, दोघांनाही उभ्या धक्क्यापेक्षा पुढे-मागे जाणारा धक्का कमी जाचतो. मी ५५ धरेन.

अंदाज यावा म्हणून: एका सिलिंडरचं वर-खाली होणारं वजन ४७० ग्रॅम धरलं तर ५००० आरपीएमला ०.५ म्हणजे साधारण २९०० न्यूटन, जवळपास २९५ किलो, तेही प्रत्येक फेऱ्याला. इंजिन माउंट त्या हिशोबाने करा.

मिलीसेकंद

इंधनाचं मी घेतो. जुन्या खरादींनी केसवर एवढं लिहिलंय की आपल्याला पंप तरी मिळाला.

दोन्ही टॉप मूळचे २० एचपीचे, म्हणजे ४० एचपी, ३० किलोवॅट. किलोवॅटतासाला ३०४ ग्रॅम पेट्रोल धरलं तर तासाला साधारण १२.३ लिटर, मिनिटाला २०५ सीसी. दोन इंजेक्टर आणि ८० टक्के ड्युटी (एकूण वेळात इंजेक्टर उघडा राहण्याचा वाटा) धरून प्रत्येकी १२८ सीसी/मिनिट येतं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि वरच्या आरपीएमला गाडी लीन होते, म्हणजे इंधन कमी पडतं.

कारण आपल्याकडचं पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉल) आहे. साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५. तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. १३० सीसीचा इंजेक्टर धरून बघा: ३४६ सीसी हवा म्हणजे ०.४१५ ग्रॅम, तिला ०.०३१ ग्रॅम इंधन, म्हणजे १९ मिलीसेकंद. ५५०० आरपीएमला एक पूर्ण आवर्तन २१.८ मिलीसेकंदांचं. ८५ टक्के भराव, फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८७ (म्हणजे गरजेपेक्षा थोडं जास्त इंधन), वर इंजेक्टर उघडायला १ मिलीसेकंद, की १९.६ होतात. ९० टक्के ड्युटी, सुरक्षित नाही. १७० सीसीचा घेतला तर तोच हिशोब १५.२ वर, म्हणजे ७० टक्क्यांवर येतो. १६० ते १८० मधला शोधा. मोठाच बरा म्हणून ४०० चा लावू नका. आयडलला पल्स १.२ मिलीसेकंदांच्या आसपास येईल आणि तिथे इंजेक्टर दर वेळी सारखं फेकत नाही. गाडी आयडलला चढ-उतार करत राहते आणि लोक बिचाऱ्या आयडल वॉल्व्हला दोष देतात.

बाजारातल्या मोटरसायकलच्या इंजेक्टरवर फ्लो छापलेला नसतो. ३ बारवर ३० सेकंद पूर्ण उघडा ठेवून मोजपात्रात घ्या. १७० वाल्याचे ८५ सीसी भरले पाहिजेत. दोघांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर जोडी बदला. हे पेट्रोलने न करता इंजेक्टर टेस्टिंगच्या द्रवाने, मोकळ्या हवेत. ओममीटरवर १२ ओहमच्या आसपास दाखवणारा घ्या, तो स्पीडुइनोला थेट चालतो. २-३ ओहमचा असेल तर मालिकेत रेझिस्टर लागतो.

थ्रॉटल बॉडी २८ ते ३० मिमी, प्रत्येक सिलिंडरला वेगळी. मूळ कार्बोरेटर २९ मिमीचाच होता, ३८ ची लावून खालचा टॉर्क घालवू नका. दोन्हींच्या फुलपाखरांना एकच शाफ्ट किंवा समायोजनाचा स्क्रू असलेली जोडणी हवी, नाहीतर आयडलला एकच सिलिंडर काम करतं.

पंप टाकीतला, ३ बारचा. अंगचा रेग्युलेटर असलेलं मॉड्यूल मिळतं, त्याला रिटर्न लागत नाही. तरी तुमच्या मांडणीत मी रिटर्न देईन. मागच्या सिलिंडरचं हेड टाकीच्या पोटाखाली येतं, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये रेलमधलं पेट्रोल तापतं आणि वाफ धरते. रेग्युलेटर रेलच्या शेवटाला लावून उरलेलं टाकीत परत सोडलं की रेलमध्ये सतत थंड पेट्रोल फिरतं. साखळी अशी: टाकीतली जाळी, पंप, १० मायक्रॉनचा फिल्टर, पुढचा इंजेक्टर, मागचा इंजेक्टर, रेग्युलेटर, टाकी.

नळी आर९ दर्जाची, आतून फ्लुओरो-रबराची. कार्बोरेटरची साधी काळी नळी ३ बारला फुगते आणि ई२० ने आतून सोलली जाऊन तिचे तुकडे इंजेक्टरच्या जाळीत अडकतात. क्लॅम्प गुळगुळीत आतल्या पट्टीचे, भोकाभोकांचा वर्म क्लॅम्प नळी कापतो. ओ-रिंग व्हिटॉनच्या. फायबरच्या टाकीचा मोह असेल तर सोडा, साध्या पॉलिएस्टर रेझिनला इथेनॉल मऊ करतं आणि तो चिकट गाळ व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसतो.

टाकी जुनी असेल आणि पंपाची रिंग वेल्ड करणार असाल तर हे नीट वाचा: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ असते. साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुवा, वाळवा, मग वेल्डच्या जागेपुरती मोकळी सोडून बाकी पाण्याने भरा किंवा आत आर्गन सोडत राहा. वेल्डनंतर ०.२ बार हवा भरून साबणाचा फेस लावा. त्याहून जास्त दाब दिला तर टाकीचे गाल फुगतात. पंप सर्वांत खोल जागी, भोवती छोटी भिंत, म्हणजे वळणावर तो हवा ओढत नाही. झाकणाचा श्वास उघडा आहे ना बघा. तो बंद असला की पंधरा-वीस मिनिटांनी टाकीत निर्वात होतं आणि गाडी गुदमरते. झाकण उघडताच सुरू होते, म्हणून दोष सापडत नाही.

पंपाला रिले, १० ॲम्पियरचा फ्यूज आणि गाडी आडवी झाली की बंद करणारा स्विच. चाचणीच्या वेळी शेजारी ड्राय पावडरचं अग्निशामक. पाण्याची बादली पेट्रोलला कामाची नाही.

वायरमन_१२व्होल्ट

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

क्रँकवर ३६-१ चाक, म्हणजे ३६ दातांच्या जागा, एक गाळलेला. १२-१ पण चालतं असं वाचाल, पण दोन सिलिंडरांच्या इंजिनात स्टार्टरने फिरताना एकाच फेऱ्यात वेग इतका वर-खाली होतो की कॉम्प्रेशनवर मंदावलेला दात ईसीयूला गाळलेला दात वाटतो. मग उलटा फटका बसतो आणि स्टार्टरचा स्प्रॅग क्लच जातो. १२० मिमी व्यासाला ३६ दात केले की एक दात सव्वापाच मिमीचा येतो, व्हीआर (चुंबकी) सेन्सरला तो पुरतो. गॅप ०.७ ते ०.८ मिमी. गाळलेला दात सेन्सरसमोर येण्याचा क्षण कुठल्याही टीडीसीपाशी (पिस्टन सर्वांत वर असतानाचा क्षण) नको. सेन्सरच्या दोन्ही तारा कंडिशनरला उलट-सुलट जोडल्या तरी इंजिन सुरू होतं, पण टायमिंग आरपीएमबरोबर सरकत जातं. स्ट्रोब लावल्याशिवाय हे कळत नाही.

प्रायमरी चेन आहे म्हणजे क्रँक चाकाच्याच दिशेने फिरतो. मग पिन आधी मागच्या सिलिंडरसमोरून जाते, ६० अंशांनी पुढच्या. पुढचं पेटलं की ३०० अंशांनी मागचं, तिथून ४२० अंशांनी पुन्हा पुढचं. पुढच्याचा टीडीसी शून्य धरा, स्पीडुइनोमध्ये ऑडफायर निवडून दुसऱ्या चॅनलला ३०० द्या. (गिअर प्रायमरी असती तर क्रँक उलटा फिरला असता आणि पुढचं-मागचं बदललं असतं.)

इथे एक छुपी चूक होते. एका सिलिंडरचा कॅम अर्धा फेरा, म्हणजे क्रँकचे ३६० अंश, चुकून बसला तर ठोके ६० आणि ६६० अंशांवर पडतात. वेस्टेड स्पार्क असेल तर दर फेऱ्याला ठिणगी मिळतेच, म्हणून इंजिन सुरूही होतं. फक्त दोन ठोके एकदम आणि मग लांब शांतता, प्रायमरी चेन फटफटते, आयडल ठरत नाही. माणूस इंधनाचे आकडे बदलत बसतो. क्रँक हाताने फिरवून बघा: पुढच्याचा इनटेक उघडल्यापासून ३०० अंशांनी मागच्याचा उघडला पाहिजे.

कॉइल: सीडीआयची (कपॅसिटरवाल्या इग्निशनची) कॉइल लावू नका. तिच्या प्रायमरीचा रोध अर्ध्या ओहमच्या आत असतो, इग्नायटर त्यात जळतो. इंडक्टिव्ह कॉइल घ्या, ड्वेल (कॉइल भरण्याचा वेळ) ३ मिलीसेकंदांपासून सुरू करा. प्लग नावात आर असलेले, म्हणजे रेझिस्टरवाले. साध्या प्लगने ईसीयू मधेच रीसेट होतो आणि तो झटका अगदी पेट्रोल संपल्यासारखा वाटतो. ईसीयूचं अर्थिंग थेट इंजिनवर, फ्रेमच्या पावडर कोटिंगवर नाही.

दोन वेगळ्या थ्रॉटलमुळे मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) सिग्नल नाचतो. दोन्ही मॅनिफोल्डमधून बारीक नळ्या एका छोट्या डबीत आणून तिथून सेन्सरला द्या आणि नमुना घेण्याची पद्धत सायकल मिनिमम ठेवा.

दोन_नळ्या

खूपच कामाचं. वजनं केली. रॉडचं एक टोक धारेवर आणि दुसरं काट्यावर, रॉड आडवा ठेवून.

पुढचं: पिस्टन, रिंगा, गजनपिन, सर्क्लिप मिळून ३३२ ग्रॅम, रॉडचं लहान टोक १३९, मोठं ३०४.
मागचं: पिस्टन संच ३३८, लहान टोक १४२, मोठं ३०१.

पुढच्याचे ४७१, मागच्याचे ४८०, एकूण ९५१. त्याचे ५५ टक्के ५२३, अधिक मोठी टोकं ६०५. म्हणजे क्रँकपिनवर ११२८ ग्रॅम लटकवायचे, बरोबर? आणि इंजेक्शनआधी कार्बोरेटरवर एकदा चालवून बघावं का?

पासिंगवाला

मध्येच एक. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. घरी ओतलेल्या केसला टाइप अप्रूव्हल नाही, त्यामुळे जुन्या बुलेटच्या आरसीवर हे इंजिन चढत नाही आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो. ट्रॅक, प्रदर्शन, खासगी आवार एवढंच धरून चाला. जुना इंजिन नंबर नव्या केसवर ठोकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो सरळ फौजदारी गुन्हा होतो.

जुना_खरादी

@दोन_नळ्या, गणित बरोबर, पण जोड्या बदला. हलका पिस्टन जड रॉडला: ३३२ + १४२ = ४७४. जड पिस्टन हलक्या रॉडला: ३३८ + १३९ = ४७७. नऊ ग्रॅमचा फरक तीनवर आला, काही न कापता. ते तीन जड बाजूच्या गजनपिनच्या आतल्या तोंडाला हलका उतार देऊन काढा. पिस्टनच्या डोक्याच्या आतून खरवडू नका. मग एकूण ९४८, ५५ टक्के ५२१, अधिक ६०५ म्हणजे ११२६.

मोठ्या टोकाच्या बेअरिंगचे पिंजरे रोलरांसकट तोललेत का? यादीत दिसत नाहीत. ते पिनेबरोबरच फिरतात, पूर्ण वजन मिळवायचं.

चाकं जड निघाली तर ड्रिल मारताना अंदाज: १२ मिमी भोक २० मिमी खोल म्हणजे साडेसतरा-अठरा ग्रॅम. मध्यापासून ६० मिमीवर मारलं तर पिनेपाशी (४५ मिमी) ते २४ ग्रॅमच्या जवळ मोजलं जातं. दोन्ही चाकांत निम्मं निम्मं.

कार्बोरेटरचं: हो, आधी त्याच्यावरच. दोन्ही मूळ इंजिनांचे २९ चे कार्बोरेटर तुमच्याकडे आलेच असतील, जेटही त्या हेडना जुळलेले आहेत. स्पीडुइनो फक्त इग्निशनला लावा. नवीन क्रँक, नवीन केस, नवीन इंधन आणि नवीन ठिणगी एकाच दिवशी सुरू केली तर आवाज कुठून येतोय ते देवालाही सांगता येणार नाही.

मिलीसेकंद

तत्त्वतः मान्य, पण ६० अंशांच्या व्हीमध्ये दोन सीव्ही कार्बोरेटरांचे घुमट एकमेकांना किंवा टाकीला लागतील. मॅनिफोल्ड करण्याआधी पुठ्ठ्याचे साचे ठेवून बघा. नाही मावले तर मागचा एका बाजूला वळवा. फ्लोटची वाटी मात्र सरळ राहिली पाहिजे, तिरकी झाली की एक सिलिंडर कायम रिच (इंधन जास्त).

एक्झॉस्टच्या दोन्ही नळ्यांना वाइडबँड (ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरचं बूच आताच वेल्ड करून ठेवा, पोर्टपासून किमान २०० मिमीवर, सेन्सरचं तोंड खाली झुकेल असं. पोर्टच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर मीटर लीन दाखवतो आणि आपण उगाच पेट्रोल वाढवत जातो.

जुना_खरादी

पहिल्या स्टार्टचा क्रम. प्लग काढून स्टार्टरने फिरवा, दोन्ही हेडच्या रॉकरपाशी तेल दिसेपर्यंत. एका वेळी दहा सेकंद, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर जळेल. यूसीईचे टॅपेट हायड्रॉलिक, त्यांना तेल पोचलं नाही तर कटकट होते आणि लोक पुशरॉड लहान-मोठे करत बसतात. तेलाचा पंप मूळचा एका हेडसाठी आहे, त्याच्या गिअरची जाडी वाढवा किंवा दुसरा लावा. दुसऱ्या हेडला नुसता फाटा काढून तेल दिलं तर मोठ्या टोकाचं तेल कमी होतं.

मग टायमिंग सॉफ्टवेअरमध्ये १० अंशांवर कायम करून स्ट्रोबने दोन्ही सिलिंडर वेगवेगळे तपासा. जुळलं की मगच टायमिंगचा नकाशा चालू, आणि फुल थ्रॉटलला सुरुवातीला २६ अंशांच्या वर जाऊ नका. मागच्या सिलिंडरला वारा कमी मिळतो, नॉकिंग (इंधन अवेळी पेटण्याचा खडखडाट) आधी तिथेच येतं. पहिला अर्धा तास ३००० च्या खाली, पुढे मोठा पंखा. थंड झाल्यावर तेल पांढऱ्या कपड्यातून गाळा. चंदेरी भुकटी थोडी असणारच, रिंगांची. चुंबकाला चिकटणारे पापुद्रे दिसले तर क्रँक परत बाहेर काढून पिनेला डायल लावा, पुन्हा स्टार्ट मारू नका.